वारा पाठीवर, ऊन पाठीवर: गोव्यातल्या तळ्यांवर बदकांचे फोटो काढताना

गोव्यात पक्ष्यांचे फोटो म्हटलं की सगळे जंगलाकडे धावतात, बोंडला, मोले, तांबडी सुर्ला, आणि त्यात गैर काहीच नाही, धनेश बघायचा तर तिकडेच जायला हवं. पण नोव्हेंबर ते मार्च मला विचाराल तर गोव्याची खरी श्रीमंती पाण्यावर असते. करमळीचं तळं, कुडतरीची तळी, कुडचड्याचं नंदा तळं (४२ हेक्टरचं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेलं, गोव्यातलं पहिलंच), शिवाय चोडण-दिवाडीकडची खाजनं, म्हणजे नदीकाठची सखल शेतं, या सगळ्या ठिकाणी हिवाळ्यात बदकं उतरतात आणि समुद्रावर जाणाऱ्या लाखो लोकांना त्याचा पत्ताही नसतो. मी फोंड्याला राहतो, गाडी काढली की अर्ध्या-पाऊण तासात यातल्या एखाद्या पाण्यावर पोचतो, त्यामुळे गेले काही हिवाळे मी जवळजवळ सगळे रविवार याच कामाला दिलेत. काठावर बसून पाणपक्ष्यांचे फोटो कसे मिळतात, कुठे बसायचं, किती थांबायचं हे सगळं जसं मी करतो तसं लिहितोय.

आधी अडचण काय ते सांगतो. जंगलातला पक्षी निदान फांदीवर तुमच्या डोक्यावर तरी येऊन बसतो, बदक मात्र तळ्याच्या बरोब्बर मध्यावर बसतं, म्हणजे सगळ्या काठांपासून सारखंच लांब, आणि बांधावर माणसाची आकृती उभी राहिली की आधी माना ताठ होतात, मग सगळे एकमेकांच्या जवळ सरकतात, मग हळूहळू पलीकडे पोहायला लागतात, आणि तुम्ही अजून चार पावलं टाकलीत तर उडतात. लांबून काढलेल्या फोटोत पाणी दिसतं आणि त्यावर काळे ठिपके. सहाशे एमएमची लेन्ससुद्धा इथे पुरत नाही, कारण अंतर जास्त असलं की मधली हवाच फोटो बिघडवते. त्यामुळे पक्ष्याच्या मागे जाऊन काहीच मिळत नाही, पक्षी जिथे येणार तिथे त्याच्या आधी जाऊन बसावं लागतं. आणि तो कुठे येणार, कुठल्या बाजूला तोंड करून येणार, हे बऱ्यापैकी आधी सांगता येतं, ही या सगळ्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट.

सांगता येतं ते वाऱ्यामुळे. पाणपक्षी उतरताना आणि उडताना तोंड वाऱ्याकडे करतात, समोरून वारा आला की पंखांना उचल मिळते आणि वेग कमी करून अलगद पाण्यावर टेकता येतं. म्हणजे वारा तुमच्या पाठीकडून येत असेल तर उतरणारं बदक तुमच्याकडे तोंड करून येणार, डोळा दिसणार, छाती दिसणार, पंखांचा पूर्ण पसारा दिसणार. वारा तुमच्या तोंडावर असेल तर दिवसभर फक्त शेपट्या. आता यात ऊन मिळवा. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो, रात्रभर जमीन गार होते आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो, दुपारनंतर उलटं. गोव्यात जमीन पूर्वेला आणि समुद्र पश्चिमेला. म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळी वारा पूर्वेकडून आणि सूर्यही पूर्वेकडून! तळ्याच्या पूर्वेच्या काठावर बसलात तर दोन्ही पाठीवर. आणि संध्याकाळी खारा वारा पश्चिमेकडून, सूर्यही पश्चिमेला, तेव्हा पश्चिमेच्या काठावर जायचं. आपल्या किनारपट्टीने फोटोग्राफरला दिलेली ही केवढी मोठी देणगी आहे याचा मी जेव्हा जेव्हा विचार करतो तेव्हा मला खरंच आनंद होतो, कारण घाटावरच्या तळ्यांवर वारा आणि ऊन असे रोजच्या रोज जुळून येतीलच असं काही सांगता येत नाही.

पहाटेचा वारा जोरात नसतो, कधीकधी गालाला नीट जाणवतही नाही. मग मी गवताची काडी मोडून सोडतो किंवा तळ्यापलीकडे कोणी पालापाचोळा जाळत असेल तर धूर बघतो. पाण्यावर आधीच बसलेली बदकं पण सांगतात, आराम करताना बरीचशी वाऱ्याकडेच तोंड करून तरंगत असतात.

जागा बघायला मी आदल्या दिवशी दुपारी जातो, कॅमेरा न घेता, फक्त दुर्बीण. कॅमेरा जवळ असला की बघणं राहून जातं आणि बटण दाबत बसतो माणूस. दुपारी बघायचं काय तर बदकं कुठे विसावलीत, काठावर कुठे चिखलात पावलं आणि पिसं पडलीत, कमळं आणि लव्हाळं कुठे संपतं आणि मोकळं पाणी कुठे काठाच्या जवळ येतं. असा मोकळ्या पाण्याचा एखादा हात काठात घुसलेला असेल तर तीच जागा, कारण बदकाला उतरायला मोकळी धावपट्टी लागते आणि उतरल्यावर चरायला झाडोरा जवळ लागतो.

ज्या तळ्यावर मी सगळ्यात जास्त बसतो त्याचं नाव इथे लिहीत नाही, तिथे पावसात कमळपक्षी अंडी घालतात आणि मला तिथे गर्दी झालेली नकोय. तर तिथे बांधावर एक वयस्कर काका असतात, वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या शेताला पाणी सोडायचं काम त्यांच्याकडे आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी त्यांच्याकडे जाऊन विचारलं, काका, उद्या पहाटे इथे बसलो तर चालेल ना. मी दाखवलेल्या जागेकडे त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "पुता, तूं हांगा बसूं नाका, सवणीं थंयच्यान येतात," म्हणजे पाखरं तिथून येतात, आणि हाताने माडांच्या मधली एक फट दाखवली. रात्रभर पलीकडच्या शेतांत चरलेली अडई, म्हणजे शीळ घालणारं बदक, पहाटे त्याच फटीतून तळ्यावर येते हे त्यांनी वर्षानुवर्षं बघितलेलं. त्यांच्या त्या एका वाक्याने माझं कितीतरी काम झालं. तेव्हापासून कुठल्याही नव्या पाण्यावर गेलो की मी आधी माणूस शोधतो, शेतकरी, गरवायला बसलेला, म्हशी चारणारा, कोणीही. आणि विचारल्याशिवाय बांधावर चढायचं नाही हे तर आहेच, गोव्यात हे बांध आणि शेतं कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक जमिनीची संस्था) किंवा कुळांची असतात, बांध पावलांनी खचला तर नुकसान त्यांचं होतं.

खाजनांच्या बाजूला बसणार असाल तर अजून एक. खाजन म्हणजे नदीच्या भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली सखल जमीन, बांधात मानस असते, तिची लाकडी दारं भरती आली की पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. तिथे पाणी सहा-सहा तासांनी बदलतं, त्यामुळे भरती-ओहोटीच्या वेळा बघूनच जायचं, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर तुतवार आणि शेकाटे असे चिखलात टिपणारे पक्षी जवळ येतात, भरतीला ते बांधावर एकत्र गोळा होतात. आणि कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत, हे गंमत म्हणून सांगत नाहीये. पाण्याच्या रेषेवर पोटावर झोपून फोटो काढायची पद्धत कितीही चांगली असली तरी त्या भागात मी ती वापरत नाही, बांधावर उंच बसतो आणि कोन थोडा वाईट आला तरी चालवून घेतो.

सामानाचं फार लिहीत नाही, सगळे तेच विचारत असतात आणि त्याने फार फरक पडत नाही. १५०-६०० ची झूम लेन्स, पक्ष्याचा डोळा पकडणारी मिररलेस बॉडी, आणि ट्रायपॉडच्या जागी जुन्या जीन्सचा पाय कापून शिवलेली पिशवी, आत सुके वाटाणे. ती बांधाच्या उतारावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवायची की कॅमेरा पाण्यापासून जेमतेम हातभर उंचीवर येतो. हे महत्त्वाचं आहे. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत बदक पाण्यावर चिकटवल्यासारखं दिसतं, मागे फक्त पाणीच पाणी. खाली आलात की बदकाच्या डोळ्याच्या उंचीवर येता, मागचा लांबचा काठ धूसर हिरवा होऊन जातो आणि पक्षी त्यातून उठून दिसतो. लेन्स पाच हजारांनी महाग घेण्यापेक्षा दोन फूट खाली बसा. बाकी खाकी-हिरवा जुना कपडा अंगावर आणि कॅमेऱ्यावर, मच्छरांचं मलम, आणि पाण्याची बाटली.

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, मी साडेपाचपर्यंत जागेवर असतो. अंधारात बसायचं कारण एकच, उजाडल्यावर तुम्ही चालत आलात तर सगळ्या तळ्याने तुम्हाला बघितलेलं असतं, आणि अंधारात येऊन बसलात तर उजाडताना तुम्ही काठाचाच एक भाग असता. पहिला तास फोटोचा नसतोच. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता, कितीही वाढवा, काही हाती लागत नाही. पण कान उघडे ठेवायचे. अडई दिसायच्या आधी ऐकू येते, बारीक दोन सुरांची शीळ, माडांच्या वरून, मग अजून एक, मग दहा-वीस एकदम. त्या शिळेच्या दिशेवरून थवा कुठून वळून येणार याचा अंदाज येतो आणि मी पिशवी थोडी इकडेतिकडे सरकवून घेतो. उजेड झाल्यावर ही हालचाल करायची नसते.

अडईचं उतरणं जवळून बघितलं नसेल तर जरूर बघा. बदक म्हणून आपल्या डोळ्यासमोर जे असतं त्यापेक्षा हिची मान लांब, पाय लांब, पंख रुंद आणि गोलसर. थवा तळ्यावर एक फेरी मारतो, कधी दोन, वाऱ्याकडे वळतो, आणि मग पंख धनुष्यासारखे खाली वाकवून तरंगायला लागतो. त्या क्षणी मान शरीराच्या खाली झुकते, डोकं पुढे आणि खाली, खालचं पाणी बघत असल्यासारखं, पाय मागून पुढे येतात आणि बोटांमधला काळा पडदा ताणून उघडतो. शेपटीच्या वरची तांबूस-तपकिरी पिसं दिसतात, हीच अडईची खूण. पाण्याला पाय लागायच्या आधी एक क्षण असा असतो की पंख पूर्ण वर, पाय पुढे, आणि पाण्यात तिची सावली उलटी तिला भेटायला येतेय. हा फोटो मला हवा असतो. त्यासाठी शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या खाली मी उतरू देत नाही, अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) लेन्स देईल तेवढं उघडं, आयएसओ ऑटोवर, आणि फोकस थवा लांब असतानाच धरून ठेवायचा, जवळ आल्यावर शोधायला गेलात की संपलं. थव्यातला एकच पक्षी निवडायचा आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहायचं, शक्यतो कडेचा, कारण मधल्याच्या पुढे कोणाचा ना कोणाचा पंख येतो. आणि बर्स्ट (एकापाठोपाठ भराभर फोटो) आधीपासून दाबून ठेवायचा नाही, कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे फोटो तात्पुरते साठवायची जागा, नेमका पाय टेकतानाच भरतो, पाय पुढे आले की मग दाबायचं.

उतरल्यावर अडई दिवसा फारसं काही करत नाही, ती रात्री चरणारी आहे, दिवसभर डुलक्या. बरेच जण इथे कंटाळून उठतात. मी बसतो, कारण बदक आंघोळ करतं. डोकं पाण्यात बुडवून पाठीवर पाणी उडवायला लागलं की समजायचं आता दोन-तीन मिनिटांत हे पाण्यावर सरळ उभं राहून पंख झटकणार. जवळजवळ हमखास! आंघोळ, मग पिसं सारखी करणं, मग उभं राहून चार-पाच वेळा पंख झटकणं, मग परत शांत. आंघोळ सुरू झाली की फोकस त्याच्यावर, फ्रेम थोडी सैल ठेवायची म्हणजे पंख उघडल्यावर टोकं कापली जात नाहीत, आणि थांबायचं. उडायचं असेल तर वेगळं दिसतं, माना वर, डोकी बारीक बारीक झटके देत हलायला लागतात, सगळे एकाच दिशेला तोंड करतात. ही चिन्हं ओळखता यायला लागली की मग नशिबावर काही राहत नाही म्हणा ना.

काणूक हा माझा सगळ्यात लाडका पक्षी. जगातल्या सगळ्यात लहान बदकांमध्ये गणना, जेमतेम वीतभर, आणि इंग्रजीत त्याला छोटा हंस म्हणतात ते चोचीमुळे, चोच आखूड आणि मुळाशी उंच, अगदी हंसाच्या चोचीची छोटी प्रत. नर पांढराशुभ्र, डोक्यावर काळी टोपी, गळ्यात काळा-हिरवा पट्टा आणि डोळा लालभडक. कमळाच्या पानांमधून जोडी जोडीने पोहत असतात, सतत काही ना काही टिपत. अडचण अशी की पांढरा रंग उन्हात फुटतो, पिसांचा तपशील जातो आणि फोटोत नुसता पांढरा गोळा उरतो, म्हणून नर फ्रेममध्ये आला की मी एक्स्पोजर (फोटोचा उजेड) पाऊण ते एक स्टॉप खाली घेतो. एकदा एक जोडी पोहत पोहत माझ्या पिशवीपासून चार-पाच मीटरवर आली. नर कमळाच्या पानाच्या कडेवर चोच घासत होता, पानावर साठलेल्या पाण्याच्या थेंबाला चोच लागली की थेंब घरंगळून दुसऱ्या कडेला जायचा आणि तो मान वळवून परत त्याच्याकडे जायचा. मी नुसता बघत राहिलो. मादी जरा मागे होती, तपकिरी, डोळ्यातून गेलेली काळी रेघ, तिने मला एकदा नीट निरखलं आणि परत टिपायला लागली.

बाहेरून येणाऱ्यांमध्ये तलवार बदक, थापट्या आणि भुवई बदक. यांचे फोटो कधी काढायचे याचंही गणित आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात तेव्हा नर सुद्धा मादीसारखे मळकट दिसतात, विणीनंतर पिसं झडलेली असतात आणि नवी अजून पूर्ण आलेली नसतात, त्यामुळे नवीन माणूस म्हणतो इथे सगळ्या माद्याच आहेत. डिसेंबर उलटला की तलवार बदकाच्या नराची चॉकलेटी मान, तिच्यावर चढत गेलेली पांढरी रेघ आणि ती लांब टोकदार शेपटी असं सगळं रूप येतं. भुवई बदकाची पांढरी भुवईसुद्धा जानेवारीनंतर खुलते, आणि आपल्याकडे येणाऱ्या बदकांमध्ये ते मागे बऱ्यापैकी उशिरापर्यंत रेंगाळतं, म्हणून मी त्याचे फोटो फेब्रुवारी-मार्चसाठी राखून ठेवतो. मध्य आशिया, सायबेरिया इतक्या लांबून ही पाखरं आपल्या भाताच्या शेतांच्या शेजारी येऊन बसतात, आपण त्यांच्यासाठी तासभर गप्प बसायला काय हरकत आहे.

करमळीला एक मजेशीर गोष्ट बघायला मिळते. तळ्याला लागूनच कोकण रेल्वेची लाईन, गाडी धडधडत जाते, हॉर्न देते, आणि बदकं मानसुद्धा वळवत नाहीत. आणि एक माणूस रस्त्यावर स्कूटर थांबवून खाली उतरला की सगळी सावध. गाडी रोज जाते आणि कधी त्यांच्याकडे येत नाही, माणूस येतो, हे त्यांना पक्कं माहीत आहे. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी मात्र लव्हाळ्यावरून खालून तरंगत आला की अख्खं तळं उठतं, वारकरी (काळे पाणपक्षी) पाण्यावरून पाय मारत धावत सुटतात, त्यांच्या मागे पाण्याचे शिंतोडे उठत जातात. हे उडणं त्यांच्या रोजच्या जगण्यातलं आहे, त्याचा फोटो घ्यावा, खुशाल घ्यावा. मी भोवत्या लांबून दिसला की शटर आणि फोकस तयार ठेवून त्याच्यापेक्षा बदकांकडे बघत बसतो.

पण माणसाने उडवलेला थवा ही वेगळी गोष्ट आहे आणि इथे मला राग येतो, स्पष्टच लिहितो. मोठमोठ्या लेन्स घेऊन आलेल्या एका ग्रुपला मी बांधावरून दगड मारताना बघितलंय, एक जण टाळ्या वाजवतोय, दुसरा पाण्यात दगड टाकतोय, बाकीचे फोटो काढतायत. पाण्यावर दिवसा विसावा घेणारी बदकं रात्रीच्या चरण्यासाठी आणि हजारो किलोमीटरच्या परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात, प्रत्येक वेळचं उडणं त्यातून वजा होतं. शिवाय असे फोटो वाईट येतात हो, घाबरलेला थवा तुमच्याकडे पाठ करूनच जातो. मी जाऊन सांगितलं, आवाज चढला, काका पण आले, शेवटी ते लोक निघून गेले. ड्रोनचंही तेच. फोटो मिळाला नाही तर पुढच्या रविवारी या, तळं कुठे जात नाही.

साडेनऊ-दहा वाजले की मी आवरतो. तोपर्यंत शेतावरची हवा तापून थरथरायला लागते, डोळ्याला कळत नाही पण लांबच्या फोटोत पिसांचे तपशील विरघळलेले दिसतात, आणि लोक उगाच लेन्सला दोष देतात. उठायचंही हळू, आधी मागे सरकायचं, बांधाच्या पलीकडे उतरायचं, मग उभं राहायचं. मी निघाल्यावर बदकं तिथेच बसलेली असली पाहिजेत, माझ्या सकाळची परीक्षा तीच.

घरी आल्यावर आधी कॅमेरा पुसतो, खाजनात बसलो असेन तर ओलसर कपड्याने, कारण खारी हवा बटणांत जाऊन बसते. आपल्या गोव्यातली दमट हवा लेन्सची शत्रू आहे. पावसाळ्यात काचेवर आतून बुरशीचे धागे पसरतात आणि एकदा पसरले की काम महाग आहे. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मोजायचा काटा, चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये ठेवायचं, बस. मग फोटो निवडणं. यात मी कठोर आहे, डोळा शार्प नाही, काढून टाक, क्षितिज तिरकं आणि सरळ केल्यावर पंख कापला जातोय, काढून टाक. शेकड्यांनी काढलेल्यातले चार-पाच उरतात. रंग फार चढवायचे नाहीत, सकाळचं पाणी जसं राखाडी-सोनेरी होतं तसंच राहू द्यायचं. आणि फोटोबरोबर त्या सकाळी काय काय दिसलं, अंदाजे किती, हे ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतो. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते तेव्हा हेच बघणं उपयोगी पडतं, माझ्यापेक्षा किती तरी जाणकार मंडळी गोव्यात हे काम मनापासून करतायत, त्यांच्याबरोबर एक सकाळ घालवली तर दहा व्हिडिओ बघून येत नाही ते येतं.

आता खऱ्या राजहंसांचं. पट्टकादंब बघायचे तर मी घाट चढतो. गदग जिल्ह्यात शिरहट्टी तालुक्यातलं मागडीचं तळं, २०२४ मध्ये तेही रामसर यादीत आलं. हिमालय ओलांडून येणारा हा पक्षी, उपग्रहाच्या मदतीने माग काढताना सात हजार मीटरच्या वरून उडालेला नोंदला गेलाय. राखाडी अंग, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे, आणि आवाज नाकातून काढल्यासारखा. आजूबाजूच्या शेतांत चरून थवे सकाळी तळ्यावर परत येतात, रांगाच्या रांगा, आणि उतरायच्या आधी काही जण हवेत अंग आडवं-तिरकं करून उंची एकदम कमी करतात, तो प्रकार बघायलाच हवा. तिथे मी गेल्या गेल्या पहिलं काम केलं ते गवताची काडी सोडून वारा बघितला. तिथला वारा आणि ऊन एका बाजूला नव्हते, त्यामुळे वारा धरायचा की ऊन असं ठरवावं लागलं, मी वारा धरला. ऊन आडवं आलं, अर्धा पक्षी सावलीत गेला, पण तोंडं माझ्याकडे होती. शेतकरी बांधवांच्या पिकात हे पक्षी चरतात आणि तरी ते तळं गावाने सांभाळलंय, तिथे गेलात तर शेतात घुसू नका, तळ्याच्या काठावरूनच भरपूर दिसतं.

आपल्याकडे परत येतो. फेब्रुवारीपासून तळ्यांचं पाणी वायंगणाच्या भाताला सुटायला लागतं आणि काठ रोज थोडा थोडा आत सरकतो. त्या दिवसांत बसायची जागाही दर आठवड्याला बदलावी लागते, गेल्या रविवारची जागा या रविवारी कोरड्या चिखलात असते. पण पाणी आटलं की बदकं उरलेल्या पाण्यात दाटीने येतात, आणि उघड्या चिखलावर शेकाटे, टिटव्या, उघड्या चोचीचे करकोचे, बगळे सगळे जमा होतात, त्यामुळे अंतर आपोआप कमी होतं. पाणी कधी आणि किती सोडणार हे काकांना विचारून मी तारीख ठरवतो, कारण सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन सकाळी सगळ्यात चांगल्या. मार्चअखेर थापट्या, तलवार बदकं गेलेली असतात, भुवई बदकांचे दोन-चार घोळके एप्रिलमध्ये पण दिसतात. पुढच्या हिवाळ्यासाठी मी नंदा तळ्याचा पूर्वेकडचा काठ धरलाय, मे महिन्यात एकदा दुर्बीण घेऊन जाणार आणि तिथे कोणाला विचारायचं ते आधी शोधणार.